भिंतीभर ऊन

माझा धंदा ऊन पाडण्याचा आहे. ओळख करून देताना मी मुद्दाम असंच सांगतो, कारण ‘फोटो सुधारतो’ म्हटलं की लोक लगेच आपला पासपोर्टचा फोटो पुढे करतात आणि डोक्यावर थोडे केस वाढवून मिळतील का असं हळूच विचारतात. माणसांचे चेहरे मी करत नाही. मी निसर्ग करतो. डोंगर, तळी, झाडं, पायवाटा. आमच्या कारखान्यात भिंतीएवढे फोटो छापले जातात, दवाखान्यांसाठी, हॉटेलांसाठी, ऑफिसांसाठी. फोटोग्राफर मंडळी हिंडून हिंडून फोटो आणतात आणि त्यातले निम्मे तरी ढगाळ हवेत काढलेले असतात. सावली नाही, चमक नाही, डोंगर कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं याचा पत्ता नाही. असा मरगळलेला फोटो सकाळी माझ्या टेबलावर येतो आणि संध्याकाळपर्यंत त्यात लख्ख ऊन पडलेलं असतं.

यात गुपित काही नाही. आधी सूर्य कुठे आहे ते ठरवायचं. सपाट उजेडाची ही एक सोय असते, सावल्याच नसल्यामुळे सूर्य आपल्याला हवा तिथे ठेवता येतो. मग त्या बाजूचा प्रत्येक उतार, फांदी, दगड ब्रशने उजळायचा आणि पलीकडची बाजू गडद करायची. उजेडात चिमूटभर पिवळा, सावलीत चिमूटभर निळा. पांढरट आभाळ काढून टाकायचं आणि माझ्या साठ्यातलं एखादं बसवायचं. माझ्याकडे कॉम्प्युटरवर आभाळांचा मोठा साठा आहे, कोवळ्या सकाळची, भर दुपारची, पिंजलेल्या ढगांची. बायको त्याला आभाळाचं दुकान म्हणते. छापायच्या मशीनवर आमचे शाईकाका असतात. माझा फोटो छापून बाहेर यायला लागला की ते कपाळावर आडवा हात धरतात आणि ओरडतात, “कलाकार, डोळे दिपले हो!” ते चेष्टा करतात हे मला कळतं, पण स्तुती मला कुठल्याही रूपात चालते.

तर या माझ्या कलेची खरी परीक्षा घरातच झाली, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा.

सासूबाईंचं घर तळ्याच्या काठी होतं आणि त्यांचा धंदा धुलाईचा. आसपासच्या लॉजांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल त्यांच्याकडे धुवायला यायचे. सासरे लवकर गेले. त्यांच्यामागे या बाईने एकटीने, दोन हातांवर आणि अंगणातल्या दोऱ्यांवर, मुलीला वाढवलं, शिकवलं आणि माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधलं. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. चादर उचलायची म्हटली तरी आधी भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. शेवटी घर विकलं आणि त्या आमच्याकडे आल्या. पण आल्या त्या पाहुण्यासारख्या. आल्या आल्या म्हणाल्या, “जावईबापू, बघते थोडे दिवस. जमलं तर जमलं. नाहीतर धाकटी आहेच.”

धाकटी म्हणजे त्यांची बहीण, माझ्या बायकोची मावशी. तिच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. दर रविवारी मावशीचा फोन यायचा. “अगं, काय ते महिनाअखेरपर्यंत सांग. नाहीतर मी भाडेकरू ठेवते. रिकामी खोली मला खायला उठते.” आणि सासूबाई दर रविवारी म्हणायच्या, “बघते.”

त्या ‘बघते’ने माझ्या बायकोची झोप उडाली होती. वरचा मजला, त्याला उभा जिना, या गुडघ्यांनी तिथे चढायचं कसं? मावशीचं स्वतःचंच रक्तदाब आणि साखर यांच्याशी भांडण चालू, ती हिच्याकडे काय बघणार? हे झालं बायकोचं. माझंही सांगून टाकतो. सासूबाई राहाव्यात असं मलाही मनापासून वाटत होतं. आमच्या घरात माझ्या विनोदांना हसणारं दुसरं कोणी नाही. शिवाय माझी आई मी शाळेत असतानाच गेली. कामावरून घरी आल्यावर कोणीतरी “दमलात का?” असं विचारतं, ही गोष्ट मला या वयात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

अडचण होती ती खोलीची. आमच्याकडे द्यायला एकच खोली होती आणि तिच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. त्या भिंतीवर एक पाइप. जन्मभर तळ्यासमोर राहिलेल्या बाईने उठल्याबरोबर पाइपाचं दर्शन घ्यायचं म्हणजे जरा अतिच होतं. तेव्हा बायको म्हणाली, “एवढा जगाला ऊन वाटत फिरतोस, माझ्या आईच्या खोलीत पाड की थोडं.”

सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा फोटो माझ्याकडे होता. घराच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या त्या दिवशी बायकोच्या आग्रहाखातर मी तो काढला होता. त्या दिवशी उजेड असा मेलेला होता की मी कॅमेरा पिशवीतून काढतानाच कुरकुरलो होतो. समोर अंगण, पुढे दगडांचा उतार, मग तळं, पलीकडे झाडांची रांग आणि मागे डोंगर. सगळं असूनही काहीच दिसत नव्हतं, सगळ्यावर जणू एकच मळकट फडकं फिरवलेलं. पण आता पुन्हा जाऊन काढायची सोय नव्हती. नव्या मालकाने अंगणात पत्र्याची शेड ठोकली होती आणि खिडकी बुजवली होती.

मी कामाला लागलो. जीव ओतला म्हणा ना. सूर्य डावीकडे ठेवला, सकाळचा. डोंगराच्या एकेका घडीवर सोनेरी उजेड चढवला. झाडांच्या सावल्या तळ्याच्या काठापर्यंत लांबवल्या. पाण्यावर चांदीचे ठिपके टाकले. अंगण तर असं झगझगीत केलं की अनवाणी गेलात तर पाय भाजावेत. आभाळ माझ्या साठ्यातलं सगळ्यात महागडं दिलं, जे मी गिऱ्हाइकांनाही सहसा देत नाही. शाईकाकांनी या वेळी कपाळावर हात धरला नाही. ते नुसते बघत राहिले आणि म्हणाले, “ही तुमची आजवरची सगळ्यात भारी भिंत.”

खाटेसमोरच्या भिंतीवर आम्ही तो चिकटवला आणि सासूबाईंना हाताला धरून आत आणलं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग म्हणाल्या, “अगं बाई! एवढं ऊन!”

मी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की तिने डोळेच फिरवले.

दुसऱ्या दिवसापासून घरात चमत्कार झाला. तोवर दिवस दिवस खुर्चीत बसून राहणाऱ्या सासूबाई सकाळीच पदर खोचून उठल्या. आधी त्यांनी स्वतःच्या उशीचा अभ्रा धुतला. मग आमच्या उशांचे. मग पडदे उतरवले. संध्याकाळी मी घरी आलो तर गॅलरीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. नंतर चादरी झाल्या, सोफ्याच्या खोळी झाल्या, पायपुसणी झाली. माझे कपाटातले इस्त्रीचे शर्ट त्यांनी ‘वास येतोय’ म्हणून पुन्हा धुवून काढले. एक दिवस माझी कॅमेऱ्याची पिशवी दोरीवर उलटी लटकलेली दिसली तेव्हा मी धावतच गेलो, पण कॅमेरा तेवढा त्यांनी टेबलावर काढून ठेवला होता.

“आई रमली!” बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“रमली म्हणजे काय, वीस वर्षांनी तरुण झाली,” मी म्हणालो. “याला म्हणतात प्रकाशयोजना.”

कारखान्यात मी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. उजेडाने माणूस कसा उभा राहतो, यावर जेवणाच्या सुट्टीत एक छोटं भाषणच दिलं. शाईकाकांनी डबा खाता खाता मान डोलावली आणि त्यांच्या बायकोच्या कंबरेसाठी असा एखादा फोटो मिळेल का, असं गंभीरपणे विचारलं.

आणि मग त्याच आठवड्यात सासूबाई खाटेला खिळल्या. दोन्ही गुडघे टम्म सुजले होते, पाठ धरली होती, बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. डॉक्टरांनी पाणी, बादली आणि वाकणं या तिन्हींवर बंदी घातली. बायको आईच्या पायाला शेक देत बसली असताना सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, “मी धाकटीकडे जाते. रविवारी फोन आला की सांगून टाकते.”

बायकोच्या हातातली शेकाची पिशवी तशीच राहिली. “का गं? आमचं काही चुकलं का?”

“तुमचं काही नाही. तुम्ही दोघं सोन्यासारखे आहात. पण इथे मला बसवत नाही.”

आता माझं असं आहे की मला दुःख झालं की आधी राग येतो. मी दारातच उभा होतो. मी म्हणालो, “बसवत नाही म्हणजे काय? तुम्हाला बसता यावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप केला! एवढं तळं आणून दिलं, डोंगर आणून दिला, सूर्यसुद्धा आणून दिला. आता आणखी काय आणू ते तरी सांगा!”

“अरे, हळू,” बायको म्हणाली.

सासूबाईंना मात्र माझा राग आला नाही. त्यांनी मला खाटेच्या कडेला बसायची खूण केली. “जावईबापू, रागावू नका. तुम्ही एवढ्या हौसेने केलंत, म्हणून बोलले नाही. पण खरं सांगू? सकाळी डोळे उघडते तर समोर हे एवढं मोठं ऊन. लगेच छातीत धस्स होतं. वाटतं, अगं बाई, ऊन वर आलं आणि मी अजून लोळतेय! चादरी कधी भिजवणार, कधी पिळणार, कधी वाळणार? मग उठावंच लागतं. कळतं हो मला की तो कागद आहे. पण हातांना कळत नाही.”

मी भिंतीवरच्या माझ्या झगझगीत अंगणाकडे पाहिलं. तिथे चादरींची अख्खी रांग वाळायला घालता आली असती.

“उन्हाच्या दिवशी मी कधी त्या खिडकीत उभीच राहिले नाही,” सासूबाई म्हणाल्या. “उन्हात तळं कसं दिसतं तेही मला धड ठाऊक नाही. तुमच्या फोटोत बघितलं तेवढंच. ऊन असलं की मी दोऱ्यांच्या मधे. आभाळ भरलं की सुटका. कपडे वाळत नाहीत म्हटल्यावर धुवायचेच कशाला? लॉजवालेसुद्धा त्या दिवशी माणूस पाठवायचे नाहीत. मग मी चहा घेऊन खिडकीत बसायची. सगळं शांत. पाणी एका रंगाचं, डोंगर एका रंगाचा. कशाची घाई म्हणून नाही.”

बायको एकदम म्हणाली, “आई, ढगाळ दिवशी तू माझी वेणी घालायचीस! एरवी मी शेजारच्या काकूंकडून घालून यायचे.”

“मग? उन्हाच्या दिवशी तुझी वेणी घालायला वेळ कुणाला होता?” सासूबाई म्हणाल्या आणि मुलीच्या केसांवरून त्यांनी सुरकुतलेली बोटं फिरवली.

मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एका बाईला तिच्या हक्काची सुट्टी द्यायची सोडून मी तिला भिंतीएवढं काम लावून दिलं होतं, आणि वर त्यावर भाषणं दिली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी मूळचा फोटो पुन्हा उघडला. पहिला विचार असा आला की यात काय करायचंय, आहे तसाच छापू. एक लहान तुकडा छापून घरी नेला आणि सासूबाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. माझं मन मोडू नये म्हणून त्या शब्द शोधत होत्या हे दिसत होतं.

“तोच दिवस आहे,” त्या म्हणाल्या. “पण असं वाटतंय की खिडकीची काच पुसायची राहिलीय.”

मग माझ्या लक्षात आलं, आणि ते इतक्या वर्षांत आधीच लक्षात यायला हवं होतं. कॅमेऱ्याने ढगाळ दिवस टिपलेलाच नव्हता. तिथे उभ्या माणसाच्या डोळ्यांना करड्या रंगात शंभर रंग दिसत असतात, डोळा ते आपोआप निवडत जातो. कॅमेऱ्याने ते सगळे एकात कालवून चिखल केला होता. मी आजवर तो चिखल उन्हाखाली पुरत आलो होतो. तो निवडून बघायचा प्रयत्न मी कधी केलाच नव्हता.

आता तो निवडायचा होता, सूर्याशिवाय. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. ऊन पाडताना एक धाडसी हात मारला की अर्धं काम होतं. इथे प्रत्येक ठिकाणी केसाएवढाच फरक करायचा आणि थांबायचं. ढगांच्या पोटाकडची बाजू किंचित गडद केली तेव्हा ढग आहेत असं दिसायला लागलं. तळ्याची पलीकडची कड जराशी उजळ केली आणि पाणी आडवं झालं. तोवर ते भिंतीसारखं उभं होतं. ओले दगड काळे केले, कोरडे तसेच ठेवले. झाडांच्या रांगेतला हिरवा सगळा एकच वाटत होता, त्यातून पिवळसर हिरवा वेगळा काढला, निळसर वेगळा, जुन्या पानांचा तपकिरी वेगळा. डोंगराची दुमड जिथे डोळ्याला जाणवेल न जाणवेल अशी होती तिथे अगदी तेवढीच ठेवली. दर थोड्या वेळाने हात आपोआप पिवळ्या रंगाकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. सवय वाईट असते.

बरेच दिवस लागले. नेहमीची कामं संपवून उरलेल्या वेळात हे चाललं होतं. दरम्यान रविवार आला. मावशीचा फोन वाजला तेव्हा बायकोने आईकडे नुसतं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पुढच्या रविवारी नक्की सांगते. जावईबापूंचं काम चाललंय, ते होऊ दे.” तेवढी मुदत मिळाली, पण तो महिन्यातला शेवटचा रविवार असणार होता.

फोटो छापायला दिला तेव्हा शाईकाका कागदाबरोबर चालत मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “कलाकार, यात तुम्ही काय केलंत?”

“काहीच दिसत नाही ना?”

“नाही. नुसतं बघत बसावंसं वाटतंय.”

माझ्यासारख्या माणसाला हे पचवणं सोपं नाही. आजवर माझं काम दहा फुटांवरून ओरडून सांगायचं की हे यांनी केलंय. आणि आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम असं, की ते केलंय हेच कुणाला कळणार नाही. शाईकाकांना सगळा तपशील सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण ते पुन्हा फोटोकडे बघायला लागले होते, म्हणून मी गप्प बसलो. हे माझ्या बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही.

शनिवारी आम्ही जुना फोटो भिंतीवरून सोलून काढला आणि नवा लावला. सासूबाईंना आत आणलं. या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. “छान आहे” सुद्धा नाही. बायकोने घाबरून माझा हात धरला. सासूबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली, मग जराशी तिरकी केली, आणि बसल्या. थोड्या वेळाने बायकोने चहा आणून दिला तो त्यांनी न बघताच हातात घेतला. आम्ही दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन सोफ्यावर बसलो. काही आवाज येतोय का म्हणून दोघं कान देऊन होतो, बादलीचा, नळाचा, कशाचाही. काही आला नाही.

रविवारी बाहेर कडकडीत ऊन पडलं होतं. समोरच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या गॅलऱ्यांमध्ये कपडे फडफडत होते आणि आमचे कालचे कपडे मशीनशेजारी ढिगाने पडले होते. ते धुवायची माझी पाळी होती, म्हणून अर्थातच ते पडूनच होते. फोन वाजला. बायकोने तो आईच्या खोलीत नेऊन दिला आणि आम्ही दोघंही निलाजऱ्यासारखे दाराशी उभे राहिलो.

मावशीचा आवाज खणखणीत आहे, तो दारापर्यंत येत होता. “काय गं, झाला का विचार? खोली झाडून ठेवलीय मी. आणि आज ऊन काय सुरेख पडलंय इकडे! तिकडे कसंय?”

सासूबाईंनी मांडीवरचा चहाचा कप खाली ठेवला नाही, भिंतीवरची नजरही काढली नाही.

“इकडे ढगाळ आहे,” त्या म्हणाल्या. “छान ढगाळ आहे. खोली तू देऊन टाक कुणाला. आणि हे बघ, माझ्यावर रागावू नकोस. पण आत्ता कुठे मी जरा बसलेय गं. मला आता उठवू नकोस.”